गणिताची घरगुती शिकवणी

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या गुंफेत, सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात, यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणे यांच्या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत, आणि भारतातील अंकलेखनाच्या प्राचीनतम नमुन्यांत त्यांची गणना होते. त्याच तालुक्यात नारायणगावाजवळील खोडद येथे केंद्र असलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आज आकाशाचा वेध घेते. अशा मुलखातील विद्यार्थी दहावीच्या वर्गात साध्या अपूर्णांकांच्या बेरजेपाशी अडखळावा, याचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही. आणि त्यावर जो इलाज जुन्नर-आंबेगावच्या कित्येक घरांतून गाजावाजा न होता चालू आहे, त्या खाजगी शिकवणीला केवळ ऐपतदारांची चैन समजणे मला अन्यायाचे वाटते.

इतिहासाचे एक प्रकरण हुकले तरी पुढचे वाचता येते. परंतु पाचवीत अपूर्णांक कच्चे राहिले की सातवीत गुणोत्तर, आठवीत बैजिक राशी आणि दहावीत वर्गसमीकरणे अशी ती बाकी चक्रवाढ व्याजाने फुगत जाते. चुकीचा आरंभ नेमका कोणत्या इयत्तेत झाला, याचा शोध ३५ मिनिटांच्या तासिकेत ५० मुलांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकाने घ्यावा तरी कसा? दर मुलामागे पुरते एक मिनिटही येत नाही. यात शिक्षकाचा कसूर नाही.

एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज मुलगा दोन पंचमांश अशी लिहितो. वर्गात त्यावर लाल फुली पडते आणि विषय संपतो. घरी, पडवीत सतरंजीवर शेजारी बसलेली शिकवणीची ताई मात्र फुली मारीत नाही. ती एवढेच विचारते, की दोन पंचमांश हे अर्ध्याहून जास्त की कमी? मुलगा विचार करतो, ‘कमी’ म्हणतो, आणि अर्ध्यात भर घातली असता उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले, या प्रश्नाने स्वतःच चपापतो. पुढची समच्छेदाची रीत मग त्याच्या गळी उतरवावी लागत नाही, ती तोच मागून घेतो. शेकडेवारीसाठी २० किलोच्या टोमॅटोच्या क्रेटचा भाव आणि ऋण संख्यांसाठी वडिलांनी घेतलेली उचल, ही उदाहरणे घरातच हजर असतात.

एकट्या मुलाला दिलेल्या शिक्षणाचा गुण वर्गातील शिक्षणाहून पुष्कळ अधिक येतो, असे बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ साली मांडले. त्याने सांगितलेला लाभ पुढील संशोधकांना तितका मोठा आढळला नाही, पण लाभ होतो याविषयी फारसा वाद उरलेला नाही. आपल्याकडे ‘प्रथम’ संस्थेने मुंबई व बडोद्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमले, तेव्हा त्या मुलांची प्रगती अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्या पाहणीत स्पष्ट दिसून आली.

शिकवणी घरीच का, याला या दोन तालुक्यांत आणखी एक कारण आहे, आणि ते जिवावरचे आहे. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात येते. तिच्या तयारीचे महिने तेच ऊसतोडणीचे, आणि तोड सुरू झाली की फडातला बिबट्या बाहेर पडतो. अशा दिवसांत सांजवेळी उसाच्या वाटेने मुलीला गावातल्या क्लासला धाडणाऱ्या आईच्या मनाची घालमेल येथल्या वाचकांना सांगायला नको. शिकवणारी व्यक्ती घरी किंवा शेजारच्या अंगणात आली, तर ती धास्ती टळते.

शिकवणीने मुले परावलंबी होतात, हा आक्षेप खोटा नाही. शाळेचा गृहपाठ उरकून देणारी शिकवणी घेण्यापेक्षा न घेतलेली बरी. पण मला त्याहून गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप, की हा लाभ नारायणगाव, मंचरच्या बागायतदाराच्या मुलाला मिळतो, आणि आहुपे, तळेघर, हातवीजकडील महादेव कोळी कुटुंबातील, हिरडा वेचून घरास हातभार लावणारी मुलगी त्यापासून वंचित राहते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शाळेतील शिक्षकांना खाजगी शिकवणीस मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. तेव्हा हे काम सेवानिवृत्त शिक्षकांनी आणि गावातल्या पदवीधर मुलामुलींनी अंगावर घेतले पाहिजे. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आश्रमशाळांतील मुलांसाठी चार-पाच जणांच्या तुकड्यांची तजवीज करून अशा तरुणांना दरमहा मानधन द्यावे, आणि ग्रामपंचायतींनी संध्याकाळी एक खोली व दिवा पुरवावा. सरकारी मंजुरी येईतो थांबण्याचे मात्र कारण नाही. ज्यांना गणित येते अशा वाचकांनी शेजारच्या एका मुलास आठवड्यातून तीन संध्याकाळी घरी बोलवावे, आणि आरंभ अपूर्णांकांपासून करावा.