शाल दिली, पगार बाकी

आखाडा बाळापूर परिसरातल्या, सरकारी अनुदानावरच्या एका 'इतर क' वर्ग वाचनालयाच्या ग्रंथपालांनी राजीनामा दिला. हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे ते भांडारपाल म्हणून रुजू झाले आहेत. निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ झाले, बातमी आणि फोटो आमच्याकडे छापायला आले. पाठोपाठ त्यांचे स्वतःचे पत्रही आले : 'फोटो छापला नाही तरी चालेल, नाव तर नकोच. पण अनुदानाचा दुसरा हप्ता जमा झाल्यावर माझा राहिलेला पगार संस्थेकडे कोणत्या कागदावर मागायचा, तेवढे कळवा.' या महिन्याचे संपादकीय म्हणजे त्या पत्राला दिलेले उत्तर आहे.

त्यांची ओळख हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या मंडळींना करून द्यायला नको. वार्षिक अहवालाचे दिवस आले की आजूबाजूची 'ड' वर्ग वाचनालये आपापली दप्तरे पिशवीत घालून त्यांच्याकडे यायची. देवघेवीचा गोषवारा जुळत नसेल तर हे पठ्ठे रात्री बसून जुळवून द्यायचे आणि चहासुद्धा स्वतःच पाजायचे. हळद शिजवायच्या दिवसांत वाचक वाचनालयाकडे फिरकत नाहीत, म्हणून हेच शेतावर जाऊन पुस्तके बदलून द्यायचे. त्यांची दाखल नोंदवही आम्ही पाहिली आहे. शेरा रकान्यात एका कादंबरीपुढे लिहिले होते : 'पान ४१ वर हळदीची बोटे, वाचण्यास अडचण नाही.' तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या शेऱ्याबद्दल खुलासा मागितला होता म्हणे! पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे सकाळी कुलूप उघडण्याआधी पायरीवर येऊन बसतात, म्हणून ठरलेल्या वेळेआधी तासभर दार उघडणारा हा माणूस. त्या जादा तासाची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

असा माणूस गेला कसा, हा प्रश्न निरोपाच्या भाषणात दोघा-तिघांनी विचारला. उत्तर साध्या हिशेबात आहे. 'इतर क' वर्गाचे वार्षिक अनुदान २०१२ च्या दराने ९६,००० रुपये होते. पुढची दहा वर्षे ते तिथेच थांबले. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढीचा निर्णय झाला, म्हणजे १,५३,६०० रुपये. त्यातला निम्मा भाग वेतनाचा, ७६,८००. कर्मचारी दोन, ग्रंथपाल आणि शिपाई. त्या दराने समान वाटले तर माणशी महिना ३,२०० रुपये. 'ड' वर्गात एकटा ग्रंथपाल, त्याच्या वाट्याला त्याच वाढीव दराने महिना २,०००. आणि हा 'महिना' केवळ हिशेबापुरता, कारण अनुदान दोन हप्त्यांत येते आणि दुसऱ्या हप्त्याला बहुधा मार्च उजाडतो. किराणा दुकानदार मात्र हप्त्यावर माल देत नाही. वाढ झाली की आपण पेढे वाटतो. आधी भागाकार करावा.

आता त्यांच्या कार्यभाराची कथा ऐका. 'क' वर्गाला किमान १,००१ ग्रंथ लागतात. वाळवीने खाल्लेली, पावसात भिजलेली, वाचकाने नेऊन कायमची ठेवलेली पुस्तके बाद करायची, तर आकडा खाली घसरतो आणि वर्ग जाण्याची धास्ती. वर्ग खाली गेला तर तो पुन्हा वर चढवणे किती अवघड, हे मे २०१२ च्या राज्यभरातल्या ग्रंथालय पडताळणीनंतर आपण सगळ्यांनी भोगले आहे. त्यामुळे निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तके बाद करण्याचा ठराव कोणी घेतच नाही. मेलेली पुस्तके दाखल नोंदवहीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात, तपासणीत गठ्ठ्याने मोजली जातात. साहेबांनाही ठाऊक, कार्यकारी मंडळालाही ठाऊक. ग्रंथपालाने राजीनामा दिला की मात्र मंडळाला एकदम शिस्त आठवते : नोंदवहीबरहुकूम पुस्तके मोजून द्या, कमी भरतील त्यांची किंमत भरा! आमच्या मित्राच्या हातात अशीच यादी ठेवली गेली. त्यांच्या रुजू होण्याआधी गहाळ झालेली पुस्तकेही तीत आहेत. म्हणजे पगार संस्थेकडे बाकी आणि वसुली कर्मचाऱ्याकडून. ते ज्या गोदामात गेले, तिथे फुटलेले पोते त्याच दिवशी घट म्हणून लिहितात. व्यापाऱ्याला जे कळते ते ग्रंथालय खात्याला का कळू नये?

खात्याकडे गेलो की ठरलेले उत्तर मिळते : 'कर्मचारी संस्थेचा, आमचा संबंध अनुदानापुरता.' संस्थेकडे गेलो तर : 'अनुदान आले की बघू.' या दोन वाक्यांच्या मध्ये राज्यातले वीस हजारांवर कर्मचारी उभे आहेत. सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७ चा कायदा आहे, १९७० चे मान्यता नियम आहेत, कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा विचार करणाऱ्या प्रभा राव आणि व्यंकप्पा पत्की समित्या होऊन गेल्या. तरीही वेतनश्रेणी नाही, सेवाशर्ती नाहीत. हा सगळा इतिहास आझाद मैदानावरच्या प्रत्येक धरण्यात आपण उगाळतो, इथे पुन्हा उगाळत नाही.

कारण या वेळी बोलायचे आहे ते आपल्याच घरात. कार्यकारी मंडळातले किती पदाधिकारी सह्यांपलीकडे वाचनालयात येतात? निरोपाच्या फ्लेक्सला त्याच दिवशी पैसे मिळतात, मग अनुदान येईपर्यंत वर्गणी आणि देणगीतून दरमहा थोडी उचल का देता येत नाही? ग्रंथपाल बंधू-भगिनींनाही विचारतो, स्वतःचे नियुक्तिपत्र किती जणांकडे आहे? तोंडी नेमणूक, सहीपुरते वेतनपत्रक आणि 'आपलीच संस्था' म्हणत काढलेली पंधरा वर्षे. सोडून जाताना अनुभवाचा दाखलासुद्धा मागून घ्यावा लागतो.

तर आमच्या मित्राला उत्तर असे. रुजू झाल्यापासून राजीनाम्यापर्यंतचा थकीत पगार महिनावार लिहून सचिवांना लेखी अर्ज करा, एका प्रतीवर पोहोच घ्या, दुसरी प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे द्या. हप्ता जमा होऊन रक्कम हातात पडेपर्यंत वेतनपत्रकावर सही करू नका. गहाळ पुस्तकांच्या यादीवर 'माझ्या काळातील नाहीत' असे दाखल क्रमांकांसह लिहूनच कार्यभार द्या. नव्या नोकरीत सुखी राहा. आपण जाऊन चूक केली, असे मनात आणू नका. तुम्ही इतकी वर्षे राहिलात, हेच आमच्यावर उपकार आहेत.

आणि बाकीच्यांनी एवढे करावे. प्रत्येक वाचनालयाने वार्षिक सभेत निर्लेखनाचा ठराव घ्यावा आणि खात्याने तो वर्ग न घटवता मान्य करावा, ही मागणी जिल्हा ग्रंथालय संघांनी लेखी लावून धरावी. ग्रंथपालांनी पुढच्या अंकाआधी आम्हाला एक पोस्टकार्ड टाकावे. त्यावर तीनच ओळी हव्यात : वाचनालयाचा वर्ग, शेवटचा पगार हातात पडल्याची तारीख आणि तो किती महिन्यांचा होता. नाव नको, शिक्का नको. जिल्हावार तक्ता करून आम्ही तो छापू आणि ग्रंथालय संचालनालयात नेऊन देऊ. गेल्या वेळी असे आवाहन केले तेव्हा आलेली कार्डे एका मुठीत मावली होती. या वेळीही तसेच झाले, तर पुढच्या निरोपाचा फोटो पाठवण्याची तसदी घेऊ नये.