अंजिरांची माळ आणि पाण्याचा तांब्या

दिवाळीत स्नेह्यांकडून आलेला सुक्या मेव्याचा डबा आपल्या घरी कोठे असतो? बहुधा वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला. त्यातले काजू प्रथम संपतात, बदाम मुलांच्या परीक्षेपर्यंत पुरवले जातात, आणि काळ्या मनुका व अंजीर तळाशी राहून जातात. वास्तविक पोटाच्या दृष्टीने पाहिले, तर डब्यातील बराचसा ऐवज तळाशीच असतो.

गेल्या हिवाळ्यात माझे वडील मिरजेहून बंगळुरास आमच्याकडे राहावयास आले. पंधरवडा झाला नाही तोच त्यांचे जेवण निम्म्यावर आले. आपल्याकडील वडीलधारी माणसे गुडघेदुखीविषयी तासभर बोलतील. परंतु चार दिवस पोट साफ झालेले नाही, हे सांगावयास त्यांना संकोच वाटतो. "अण्णा, पोट साफ होते ना?" असे शेवटी मीच विचारले. "होईल गं," एवढेच उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी मी शिवाजीनगरचे रसेल मार्केट गाठले. १९२७ साली बांधलेल्या या बाजारात रमजानच्या दिवसांत खजुराच्या राशी लागतात; एरवीही सुक्या मेव्याला तोटा नाही. दोरीत ओवलेली अफगाणी अंजिरांची एक माळ घेतली. शेजारीच बेदाणे होते. कोठले म्हणून विचारले, तर विक्रेता म्हणाला, "सांगलीचे." मिरजेच्या माणसासाठी त्याच्याच जिल्ह्यातला बेदाणा मी बंगळुरात विकत घेत होते! बंगळुराच्या आसपासही 'बंगलोर ब्लू' नावाचे द्राक्ष मुबलक पिकते, पण ते बियांचे. त्याचा रस होतो, मद्य होते. बेदाणा व्हावा तो तासगावकडील कोरड्या हवेतच. तेथे सावलीत, जाळ्यांच्या मांडणीवर द्राक्षे सुमारे दोन आठवडे वाळतात, आणि चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा हाती येतो. उरलेले सारे पाणी उडून गेलेले असते. ही गोष्ट मला ठाऊक होती. तिचा अर्थ मात्र मी ध्यानात घेतला नाही.

मी अण्णांना सकाळी तीन आणि रात्री तीन असे कोरडेच अंजीर देऊ लागले. तिसऱ्या दिवशी पोट फुगले, कळा येऊ लागल्या, आणि आम्हांला डॉक्टरांकडे जावे लागले. डॉक्टरांनी अंजिरांविषयी प्रथम काहीच विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "दिवसभरात पाणी किती पिता?"

अण्णा खाली पाहू लागले. परक्या घरात रात्री अंधारात उठावे लागू नये, म्हणून त्यांनी दुपारनंतर पाणी पिणेच सोडले होते. त्यातून येथील थंड हवा. तहानही लागत नव्हती. शिवाय हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, आणि त्यांनीही कित्येकांना मलावरोध होतो.

इंग्रजीतील 'फायबर' या शब्दासाठी आम्ही भाषांतरकार 'तंतुमय पदार्थ' असे भारदस्त शब्द लिहितो. स्वयंपाकघरात त्याला चोथा म्हणतात. हा चोथा आतड्यात पाणी धरून ठेवतो. त्यामुळे मळ मऊ राहतो, त्याचे आकारमान वाढते आणि आतड्याला पुढे ढकलण्याची चालना मिळते. पाणीच नसेल तर चोथ्याने धरावे काय? वाळलेल्या फळातून जे पाणी गेले, ते आपण परत द्यावयास हवे.

आलुबुखारात चोथ्याखेरीज सॉर्बिटॉल नावाचा एक गोड पदार्थ असतो. तो आतड्यात पुरता शोषला जात नाही आणि पाणी ओढून घेतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली मलावरोधाच्या ४० रुग्णांवर केलेल्या प्रयोगात सुके आलुबुखार आपल्या ओळखीच्या इसबगोलापेक्षा सरस ठरले. मात्र तेथे दिवसाला १०० ग्रॅम आलुबुखार दिले होते. एवढे आपल्या घरांत ना कोणी खाईल, ना खिशाला परवडेल.

तेव्हा हिशेब साधा ठेवावा. १०० ग्रॅम सुक्या अंजिरांत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बेदाण्यात सुमारे ४. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा सुचवला आहे. म्हणजे दोन अंजिरांनी दोन-तीन ग्रॅमांचीच भर पडणार. बाकीचा भार ज्वारीची भाकरी, उसळी आणि पालेभाजी यांनीच उचलावयाचा आहे. पाण्याबरोबर फळातील साखरही उडून जात नाही, हेही विसरू नये. बेदाण्यात निम्म्याहून अधिक साखरच असते. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर पाण्याचे प्रमाणही विचारूनच वाढवावे. पिवळेधमक बेदाणे पुष्कळदा गंधकाची धुरी दिलेले असतात. दमेकऱ्यांना तो गंधक बाधू शकतो. आणि शौचावाटे रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा उतारवयात पोटाची सवय एकाएकी बदलली असेल, तर मनुका भिजवीत दिवस घालवू नका. थेट डॉक्टरांकडे जा.

आमच्या घरी मग असा क्रम ठरला. रात्री दोन अंजीर आणि दहा-बारा मनुका स्वच्छ धुऊन वाटीभर पाण्यात भिजत घालावयाच्या. सकाळी त्या चावून खावयाच्या, वर तेच पाणी प्यावयाचे आणि चहानंतर, घाई न करता, ठरल्या वेळी शौचास जावयाचे. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळीचे प्रमाण बदलून दिले. पाण्याचा तांब्या संध्याकाळपर्यंत संपवावयाचा, म्हणजे रात्री उठणे कमी. आणि तरीही उठावे लागलेच तर वाट दिसावी, म्हणून ओसरीवजा बोळात मी एक लहान दिवा लावून ठेवला. आठवड्याभरात अण्णांनी तिसरी भाकरी मागून घेतली.

आता ते मिरजेस परतले आहेत. परवा दूरध्वनीवर म्हणाले, "अंजीर महाग झालेत, मी नुसत्या मनुका भिजवतो. पण तसला एक दिवा पाठवून दे."