धूळच ती!

आमच्या उंब्रज-कऱ्हाड भागात भावकीत एखादा तरी फौजी असतोच. सुट्टीवर आला की त्याला बॉर्डरबद्दल विचारतात, ट्रेनिंगमधल्या धुळीबद्दल कुणीच विचारत नाही. माझा एक मावसभाऊ रणगाड्यावर ड्रायव्हर होता. तो म्हणतो, "पुढची गाडी रस्ता बघते, मागच्यांनी धूळ खायची." सगळे हसतात. मला मात्र ही हसण्यावारी न्यायची गोष्ट वाटत नाही.

चाळीस टनांहून जड रणगाडे एकाच वाटेवर रोज फिरले की तिथल्या मातीचं पीठ होतं. डोळ्यांना दिसते ती धूळ बरीचशी नाका-घशातच अडते. न दिसणारी, चार मायक्रॉनहून बारीक, ती थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाते. (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड!)

बरं, धूळही सगळीकडे सारखी नाही. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाडा दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथला दगड आपल्यासारखाच काळा, त्यात क्वार्ट्झ कमी. राजस्थानच्या वाळूत ते भरपूर. त्याचीच बारीक धूळ म्हणजे सिलिका. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक ठरवलं. तिने होणाऱ्या सिलिकॉसिसवर इलाज नाही, वर टीबीचा धोका वाढतो. अर्थात काळ्या मातीची धूळही दमेकऱ्याला सोडत नाहीच.

चार आठवड्यांच्या ट्रेनिंगने सिलिकॉसिस होतो असं मी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं तिथेच असणारे उस्ताद, ड्रायव्हर, मेकॅनिक यांचं काय? १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकॉसिसचा रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक केलं, पण 'कारखाना' या व्याख्येतून सैन्याची फिरती युनिट्स वगळली. अमेरिकेने २०२१ मध्ये इराक-अफगाणिस्तानात धूळ-धूर खाल्लेल्या सैनिकांचा दमा नोकरीमुळेच झाला असं मानायला सुरुवात केली. सैनिकाने पुरावा शोधत फिरायची गरज उरली नाही.

माझं म्हणणं एवढंच, की धुळीतल्या दिवसांची नोंद सैनिकाच्या मेडिकल कागदांत हवी, सोबत दरवर्षी फुफ्फुसांची फुंकर-तपासणी. वाटेवर पाणी, गाड्यांत अंतर आणि तोंडाला नीट बसणारा मास्क. रुमालाने ही धूळ अडत नाही. गोळी लागली तर कागद होतो, श्वास हळूहळू कमी झाला तर होत नाही. पेन्शनच्या वेळी मग सिद्ध काय करणार?

असो. तुमच्या घरातला फौजी जिना चढताना थांबत असेल, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. छातीच्या डॉक्टरकडे न्या, आणि नोकरीत काय काम केलं ते आवर्जून सांगायला लावा.