आगबोटीचा धडा आणि हापूसची पेटी

हंगाम संपून पाऊस स्थिरावला की वाशीच्या पट्ट्या काढून हिशेब मांडायची आपल्याकडची रीत. बुरोंडी, लाडघर, कोळथरे, पंचनदी, कुठेही जा, ओटीवर बसलेल्या बागायतदाराच्या तोंडी एकच वाक्य असतं, "साहेब, पेटी आमची, पण भाव सांगणार दुसराच." तक्रार खरी आहे. पण त्याच ओटीवर पाहुण्याला सरबत म्हणून कसली बाटली फोडली जाते, तेही बघा. गावातल्या बचत गटाचं कोकम सरबत दुकानाच्या फळीवर धूळ खात असतं. परशुरामाचा पुतळा बघायला येणारे पर्यटक विचारतात, "इथलं काय मिळेल?" आणि आपण त्यांच्यापुढे मुंबईहून आलेला माल ठेवतो. गावच्या धंद्याला गावानेच किंमत दिली नाही, तर वाशीचा व्यापारी ती का म्हणून देईल?

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या समोरच्या समुद्रावरच ते एकदा घडून गेलं आहे.

जुन्या माणसांनी आगबोटींचा काळ पाहिला आहे. हर्णै, दाभोळ, जयगड करत मुंबईची बोट जायची, आणि किनाऱ्यावरून पडावात बसून बोट गाठायची. ह्या वाहतुकीवर वर्षानुवर्षे गोऱ्या मालकांच्या कंपनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'शेफर्ड'चा वरचष्मा होता. स्वदेशीच्या चळवळीत, १९०५-०६ च्या सुमारास, लोकांनी उचल खाल्ली की कोकणच्या माणसाला कोकणच्या माणसाची बोट पाहिजे. त्यातून सहकारी तत्त्वावरची जी कंपनी पुढे आली, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. नावातच सगळं आलं. बोटींना नावंही तुकाराम, रामदास अशी, माणसाला आपली वाटतील अशी.

तिकडे दक्षिणेत तुतिकोरिनला १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै ह्यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि कोलंबोपर्यंत बोटी सुरू केल्या. मग ब्रिटिश कंपनीने काय केलं? तिकीट उतरवलं. स्वदेशी कंपनीने उतरवलं तसं आणखी उतरवलं. शेवटी फुकट नेऊ लागले, वर छत्रीही भेट देत, असं सांगतात. १९०८ साली पिळ्ळै तुरुंगात गेले आणि तीनेक वर्षांत कंपनी गुंडाळली गेली. फुकटच्या बोटीत बसणाऱ्या प्रवाशाला वाटलं असेल, आपले चार आणे वाचले. समोरचा मोडेपर्यंतच तो स्वस्त भाव टिकतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही. गावातल्या दुकानदाराकडे दोन रुपये जास्त पडतात म्हणून सगळा किराणा तालुक्याहून आणणाऱ्यांनी हे आठवावं. अडीनडीला वहीवर लिहून माल देणारा तोच असतो. २०२० च्या टाळेबंदीत गावं चालली ती त्याच्या जिवावर, मोठ्या मॉलच्या नव्हे.

पण आगबोटीचा दुसरा धडा कडू आहे, आणि आपण तो सोयीस्कर विसरतो. नोव्हेंबर १९२७ मध्ये वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. सकाळी बुडालेल्या बोटीची बातमी मुंबईला संध्याकाळी कळली. ऐन पावसाळ्यातला दर्या आणि माणसांनी भरलेली बोट. बोट आपली आहे, संतांचं नाव तिच्यावर आहे, एवढ्याने ती तरत नाही. 'आपलं ते घ्या' असं गिऱ्हाइकाला सांगण्याचा हक्क पाहिजे असेल, तर आपल्या मालात कसर चालत नाही.

आता हेच आंब्याला लावून पाहू.

ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ह्या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच 'हापूस' म्हणता येईल असा तो अधिकार. ज्या संस्थांनी त्यासाठी खटपट केली त्यांत आपल्या दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, आणि आपल्याच तालुक्यातला केळशी परिसर आंबा उत्पादक संघही आहे. म्हणजे हे काही दिल्लीहून पडलेलं बक्षीस नव्हे, शेजारच्या गावाने मिळवलेली गोष्ट आहे. तरीही परराज्यातला आंबा आपल्या पेटीत, आपल्या नावाने विकला जातो ही ओरड थांबलेली नाही. का? तर मानांकन मिळालं म्हणजे प्रत्येक बागायतदाराला आपोआप शिक्का मिळाला असं नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद वेगळी करावी लागते. ही नोंदणी न करता नक्कल करणाऱ्याला शिव्या घालणं म्हणजे दार उघडं टाकून चोराला दोष देणं.

आणि कसरीचं म्हणाल, तर फेब्रुवारी-मार्चचा चढा भाव पकडायला बारा आणे सुद्धा न झालेला आंबा उतरवतो कोण? आपणच. चौदा आणे तयार झालेलं फळ नूतन झेल्याने देठासकट उतरवावं, सकाळच्या गारव्यात उतरवावं, पेंढ्यात आढी लावावी, हे आम्ही कृषी खात्याची माणसं सांगून थकलो. कोवळं फळ वरून पिवळं दिसतं, आत आंबट लागतं. कार्बाइडला तर कायद्यानेच बंदी आहे. एकदा फसलेलं गिऱ्हाईक पेटीवरचं गावाचं नाव वाचून पुढच्या वर्षी हात मागे घेतं. त्यात नुकसान त्या एका पेटीचं नसतं, पंचक्रोशीचं असतं.

दलालाविषयी दोन शब्द. त्याला खलनायक करायची आपल्याकडे फॅशन आहे. पण मोहोर यायच्या वेळी फवारणीला उचल तोच देतो. तुडतुडे, फुलकिडे, भुरी ह्यांचं औषध उधारीवर घेतलेलं असतं आणि त्या उचलीतच पेटी बांधली जाते. भाव ठरवायचा हक्क आपण मार्चमध्ये गमावत नाही, तो नोव्हेंबरातच हातचा जातो. म्हणून पहिली गरज आहे ती वेळेवरच्या पीक कर्जाची, मग वाशीला नावं ठेवा.

दुसरा रस्ता आहे हे २०२० ने दाखवलं. टाळेबंदीत वाशीचा बाजार मधूनमधून बंद, माल झाडावर तयार. तेव्हा कितीतरी बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवल्या. एसटीने त्याच मे महिन्यात मालवाहतूक सुरू केली आणि तिच्यातूनही आंबा गेला. फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकायची मोकळीक २०१६ पासून होतीच, वापरली अडचणीत. पुढे ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. त्या धक्क्यात जोडलेली गिऱ्हाइकं सांभाळायचं राहून गेलं, हे समजण्यासारखं आहे. पण ज्यांनी ते फोन नंबर वहीत उतरवून ठेवले, नंतरही दर वर्षी एक फोन केला, त्यांची थेट विक्री टिकली.

काजूची गोष्ट थोडक्यात. आफ्रिकेतून कच्ची बी येते आणि इथला भाव पाडते. २०२४ च्या हंगामासाठी सरकारला किलोमागे १० रुपये अनुदान द्यावं लागलं. अनुदान बरंच, पण आपली बी बाहेर विकायची आणि लग्नाला लागणारा काजूगर शहरातून आणायचा हा उलटा व्यवहार आहे. जवळपासच्या काजू कारखान्याला गर मागून तर बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळा माल एकदम वाशीहून वळवू नका, ते झेपणार नाही. शंभरातल्या दहा पेट्या निवडून भरा, त्यावर स्वतःचं आणि गावाचं नाव घाला, फळ पास झाल्याशिवाय पेटी बंद करू नका. गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून केलं तर वाहतूक परवडते. नोंदणीसाठी सातबारा आणि ओळखीचे कागद काढून ठेवा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा संस्थेकडे चौकशी करा. हे काम पावसातच उरकायचं. एकदा मोहोर आला की तुम्हाला सवड नाही आणि आम्हालाही नाही.