प्रशिक्षकाला मुरू द्या

हार्वर्ड विद्यापीठाचे रोइंग प्रशिक्षक हॅरी पार्कर १९६३ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले, ते २०१३ च्या जूनमध्ये निधन होईपर्यंत त्याच पदावर होते. नदी एकच, चार्ल्स. बोटहाउस एकच, न्यूवेल. कॉलेजच्या खेळाबद्दल बोलायची वेळ आली की मी त्यांचं उदाहरण देते. पदकांसाठी नव्हे, या पन्नास वर्षांसाठी.

आधीचे प्रशिक्षक हार्वी लव्ह अचानक वारले आणि जबाबदारी आली तेव्हा पार्कर २७ वर्षांचे होते. स्वतः चांगले रोअर, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकेरीत पाचवे आलेले. पण मुख्य प्रशिक्षक म्हणून पाटी कोरी. येलविरुद्धची चार मैलांची शर्यत हार्वर्डसाठी वर्षातली सर्वांत प्रतिष्ठेची. ती त्यांनी पहिल्याच वर्षी जिंकली आणि पुढे १९८० पर्यंत सलग १८ वेळा जिंकली. १९८१ मध्ये येलनं ही मालिका मोडली. त्यानंतरही पार्कर तीन दशकं तिथेच होते. आपल्याकडे अशा पराभवानंतर पहिली चर्चा कशाची झाली असती, हे खेळातल्या कुणालाही सांगायला नको.

पार्कर फार कमी बोलत. बोटीत कोण बसणार हे ठरवायला ते ‘सीट रेस’वर मोठा भर देत. दोन बोटी, प्रत्येकीत चार जण. शर्यत लावायची, दोन बोटींमधलं अंतर टिपायचं. मग दोन्हींतल्या एकेका मुलाची अदलाबदल करून पुन्हा तीच शर्यत. बाकीचे सहा जण तेच, त्यामुळे अंतरात पडलेला फरक या दोघांचा. दंड कुणाचे भरदार, कुणाची शैली देखणी, कुणाचे वडील कोण, हे सगळं त्या अंतरापुढे गळून पडतं. पण या पद्धतीला वेळ लागतो आणि पाहणारी नजर लागते. वारा कधी फिरला, कोणता मुलगा दमला, कोण सोबत्याला वाचवायला हात राखून वल्हवतोय, हे त्या पाण्यावर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसालाच कळतं.

मला स्वतःला त्यांच्याबद्दल विशेष आदर आहे तो आणखी एका कामासाठी. १९७५ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या महिलांची आठ जणींची बोट तयार केली. महिला रोइंगचा ऑलिंपिकमध्ये तोवर समावेशच नव्हता. त्या संघानं नॉटिंगहॅमच्या जागतिक स्पर्धेत पूर्व जर्मनीमागोमाग रौप्य मिळवलं आणि पुढच्या वर्षी माँट्रियलला, महिलांच्या पहिल्याच ऑलिंपिक शर्यतींत, अमेरिकेच्या आठ जणींनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कांस्य जिंकलं. मी पुण्यात मुळेच्या पाण्यावर वल्हं धरलं तेव्हा मुलींना बोट मिळायची ती मुलांचा सराव आटोपल्यावर. त्यामुळे हार्वर्डच्या पुरुषांचा इतका यशस्वी प्रशिक्षक मुलींनाही तितक्याच कडकपणे राबवतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता मी एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. आमच्याकडे प्रशिक्षक येतो तो मानधनावर, बहुधा एका हंगामापुरता. जलपर्णी कुठे साचते, पावसाळ्यानंतर नदी कधी उतरते, कोणत्या मुलाचा खांदा गेल्या वर्षी दुखावला होता, हे त्याला कळू लागेपर्यंत करार संपतो. कॉलेजच्या खेळात खेळाडू तीन-चार वर्षांत निघूनच जातात, ते त्यांनी जायलाच हवं. मागे राहू शकतो तो प्रशिक्षक. तोही गेला की दर जुलैत सगळं पहिल्यापासून.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण घेऊन आला. तो रोइंग शिकला लष्करात भरती झाल्यावर, पुण्यात. लष्कराकडे केंद्र आहे, बोटी आहेत आणि टिकून राहणारी शिस्त आहे. त्याच शहरात नदीकाठी कॉलेजं आहेत, उंच हाडापेराची, मेहनती मुलं-मुली आहेत. त्यांनी सैन्याची वाट का धरावी लागावी?

बोटी महाग आहेत, हे मान्य. पण बोट प्रायोजकाकडून मिळते. प्रशिक्षकाचा पगार द्यायला प्रायोजक पुढे येत नाही, कारण त्यावर नाव रंगवता येत नाही. तो संस्थेनंच द्यायला हवा. विद्यापीठानं निदान एका खेळासाठी पूर्णवेळ प्रशिक्षक नेमावा, दहा वर्षांसाठी, आणि पहिल्या चार वर्षांत पदक आलं नाही म्हणून त्याला हात लावू नये. त्यानं पहिल्या वर्षी पाण्यावर उतरवलेली मुलं तेव्हा कुठे शेवटच्या वर्षाला पोचलेली असतील.