चित्रांच्या मधली जागा

रात्रीचीं जेवणें आटोपून स्वयंपाकघर आवरलें, कीं निजानीज होईपर्यंत घरांत अर्धापाऊण तास मोकळा उरतो. पूर्वीं हा वेळ सबंध घराचा असे. आतां तो ज्याचा त्याचा झाला आहे. आजोबा दूरदर्शनसमोर, सूनबाई मोबाइल घेऊन एका कोपऱ्यांत, मुलें दुसऱ्या कोपऱ्यांत, अशी एकत्र कुटुंबांतही स्थिति दिसते. या वेळेचा एक साधा व बिनखर्चाचा उपयोग या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

पुष्कळ घरांच्या माळ्यावर जुन्या चित्रकथांचा एखादा गठ्ठा पडलेला असतो. १९५२ सालीं मराठींत निघूं लागलेला ‘चांदोबा’, वेताळाच्या साहसांमुळें मुलांनीं डोक्यावर घेतलेलीं ‘इंद्रजाल कॉमिक्स’, आणि अनंत पै यांनीं १९६७ सालीं आरंभिलेली ‘अमर चित्र कथा’. या शेवटच्या मालेला राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांचे हात लाभले. ‘इंद्रजाल’ १९९० सालीं थांबलें. ‘चांदोबा’ही आतां निघत नाहीं. अर्थात् एकदां रद्दींत गेलेला अंक सहसा परत मिळत नाहीं. दिवाळीची आवराआवर करणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

चित्रांच्या नादानें मुलांचें वाचन मंदावतें, असा वडीलधाऱ्यांचा जुना आक्षेप आहे. तो अगदींच निराधार नव्हे. मूल एकटें असलें, म्हणजे त्याची नजर चित्रांवरून भराभर घसरत जाते व दहा मिनिटांत पुस्तक संपतें. परंतु चित्रांनीं कथा सांगणें ही आपल्याकडे मुळीं एकट्याची करमणूक नव्हतीच. शेवगांव तालुक्याच्या सीमेवर गोदावरी ओलांडली कीं पैठण लागतें. तेथील चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें एकामागून एक पुढें धरीत आणि गाऊन कथा सांगत. कोंकणांत पिंगुळी येथें ती कला अद्याप जिवंत आहे, व तिच्या सेवेसाठीं परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री देण्यांत आली. चित्र मुकें असतें. त्याला बोलतें करावयास माणूस लागतो, हें त्या कलेचें मर्म होय.

याचें उदाहरण पाहावयास दूर जावयास नको. ‘अमर चित्र कथे’त चांदबिबीवर एक पुस्तक आहे. चांदबिबी म्हटली, कीं चिलखत चढवून खिंडाराशीं उभी राहिलेली राणी डोळ्यांपुढें येते. आणि तें खोटें नाहीं. १५९५–९६ च्या वेढ्यांत मोगलांनीं नगरच्या किल्ल्याचा तट सुरुंगानें उडविला, तेव्हां तिनें रातोरात तें भगदाड बुजवून घेतलें. पण नातीनें “मग पुढें काय झालें?” असें विचारलें, तर आजीला बरेंच सांगतां येईल. मोगलांचा वेढा उठला, परंतु त्यासाठीं वऱ्हाड द्यावा लागला. १६०० सालीं पुन्हां वेढा पडला, तेव्हां ती वाटाघाटीच्या विचारांत होती. ती फितूर झाल्याचा संशय घेऊन तिच्याच माणसांनीं तिला ठार मारलें, आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला. शौर्याच्या चित्राहून ही शेवटची गोष्ट मुलांना अधिक विचार करावयास लावील.

शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत आहे, तिला आपण सर्रास ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतों. वस्तुतः ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. सुटीच्या दिवशीं मुलांना तेथें न्यावें आणि नांव एक व वस्तु दुसरी असें कां होतें, हें त्यांनाच विचारावें.

याहून विलक्षण गोष्ट चांदबिबीच्या आईची आहे. तिचा पिता हुसेन निजामशहा याच्या स्तुतिपर एक सचित्र फार्सी काव्य सोळाव्या शतकांत तयार झालें. ती पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. तिच्या चित्रांत राजाशेजारीं राणी खुंजा हुमायून हिला बसविलें होतें. पण पुढें कोणीतरी बहुतेक चित्रांतून तिची आकृति पुसून टाकली. पतीच्या मागें तिनें राज्यकारभार पाहिला व अखेर मुलानेंच तिला कैदेंत टाकलें. तिची आकृति पुसण्याचें कारण अभ्यासक यांतच शोधतात. चित्रांत काय आहे हें मूल स्वतः पाहूं शकतें. काय नाहीं, हें मात्र कोणीतरी सांगावें लागतें.

म्हणून सूचना एवढीच, कीं आठवड्यांतून दोन रात्रीं तरी हा गठ्ठा मध्यें घेऊन सर्वांनीं एकत्र बसावें. पानें मुलांनीं उलटावीं, संवाद त्यांनींच मोठ्यानें वाचावे, आणि एका चौकटींतून दुसरींत जातांना मधली जागा वडीलधाऱ्यांनीं भरावी. आजींना आठवणारी ओवी, आजोबांना ठाऊक असलेला सन, सूनबाईंनीं माहेरीं ऐकलेला निराळा पाठ, या सर्वांना तेथें वाव आहे. दोघांचीं मतें जुळलीं नाहींत तर फारच उत्तम. खरें काय तें शोधण्याकरितां दुसऱ्या दिवशीं मूल आपण होऊन ग्रंथालयाची वाट धरील.

जुना कागद ठिसूळ झालेला असतो. गंजलेल्या टाचण्या काढून सुती दोऱ्यानें अंक शिवून घ्यावे, ओल न लागेल अशा कपाटांत आडवे ठेवावे आणि पावसाळ्यानंतर सावलींत वारा द्यावा. एवढी निगा राखली, तर आज नातवंडें जीं पानें उलटतील, तींच त्यांना पुढें आपल्या मुलांपुढें धरतां येतील. आणि त्या वेळीं मधली जागा भरण्याचें काम त्यांचें असेल.