भिंतीबाहेरचा हिशेब

पावसाळा सरून दसरा-दिवाळीचे दिवस जवळ येऊ लागले, की महाराष्ट्रातील शहरांत घरांभोवती परांच्या उभ्या राहू लागतात. एके काळी त्या रंगाचा नवा हात देण्यापुरत्या असत आणि पंधरा दिवसांत उतरत. अलीकडे त्या महिनोन् महिने उभ्या राहतात, आणि उतरतात तेव्हा मागे ओळखीचे घर उरलेले नसते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा दुमजली बंगला आतून होता तसाच असतो. बाहेरून मात्र त्याला काचेचा पडदा, चकाकते पत्रे आणि कशालाही आधार न देणारे दोन-चार खांब लाभलेले असतात. या उपचारास व्यवहारात ‘एलेव्हेशन करून घेणे’ असे म्हणतात. केस कापून घ्यावेत, त्याच सहजतेने हा शब्दप्रयोग केला जातो, आणि या विषयातील बरेचसे दुखणे त्या सहजतेतच आहे.

घराचे बाह्य रूप बदलू इच्छिणारा गृहस्थ वास्तुविशारदाकडे जातो, तो बहुधा एक चित्र घेऊन. ते शेजारच्या गल्लीतील नव्या बंगल्याचे असते, किंवा दुबईतील एखाद्या हॉटेलचे. ‘असे हवे’ एवढीच त्याची मागणी असते. वास्तुविशारदही, आणखी एक गिऱ्हाईक दाराशी आले आहे हे ओळखून, आठवडाभरात संगणकावर काढलेले एक देखणे रंगीत दृश्य त्याच्या हाती ठेवतो. त्या दृश्यात आकाश नेहमी निळे असते. विजेचा खांब नसतो, शेजारच्या गच्चीवरील पाण्याची टाकी नसते, ऊन कोणत्या बाजूने येते याचा पत्ता नसतो आणि पाऊस तर कधीच पडत नाही. कुटुंबातील मंडळी ते दृश्य पाहून संतुष्ट होतात आणि निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेचा मोठा वाटा त्या निळ्या आकाशाच्या हवाली केला जातो. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या पिढीने रूढ केली, तिला घर बांधण्याचे कष्ट ठाऊक होते. बांधलेल्या घराला दुसरे तोंड बसविण्याचे हे कष्ट तिच्या कल्पनेतही नव्हते.

वस्तुतः घराची बाहेरची बाजू हा घराच्या कामकाजाचा भाग आहे. ऊन, पाऊस, वारा, धूळ आणि आवाज यांच्याशी घराचा सारा व्यवहार त्या काही इंचांच्या जाडीत होतो. पुण्याचेच उदाहरण घ्यावे. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेअठरा अंशांवर वसलेले आहे. मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस येथे सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेकडील खिडकीवर बेताचा छज्जा असला, तरी उन्हाळ्यातील दुपारचे ऊन अडते. पश्चिमेकडे ही युक्ती चालत नाही. चार-पाच वाजता कललेला सूर्य छज्ज्याच्या खालून सरळ खोलीत शिरतो. तेथे उभा आडोसा लागतो, खोल व्हरांडा लागतो, जाळी लागते, नाही तर झाड लागते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा पाऊसही याच बाजूने झोडपतो. कोकणातील माणसाला हे शिकविण्याची गरज कधी पडली नाही. पावसाळ्यापूर्वी घराच्या उघड्या अंगाला नारळाच्या झापांचे आडोसे बांधण्याची त्याची रीत म्हणजे वर्षातून चार महिन्यांपुरते बदललेले घराचे बाह्य रूपच होते. त्यासाठी आजूबाजूची माडाची झाडे व घरातील माणसांचे हात पुरत असत.

आता नव्या रीतीत काय होते ते पाहावे. ‘एलेव्हेशन’ म्हणजे रस्त्याकडील बाजू, असा समज रूढ झाला आहे. रस्ता पश्चिमेला असेल, तर काच लागते ती पश्चिमेला. जुने छज्जे रेषांचा ‘सफाईदारपणा’ बिघडवितात म्हणून तोडले जातात. पहिल्या पावसाळ्यात भिंतीतून ओल झिरपते, पहिल्या उन्हाळ्यात दुपारची खोली बंद पडते आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत तिला वातानुकूलन यंत्र बसते. छज्ज्याच्या खालच्या कडेस पाणी तुटावे म्हणून जुना गवंडी बोटभर खाच ठेवीत असे. ती खाच कोणत्याही रंगीत दृश्यात दिसत नाही, म्हणून ती कोणी मागत नाही. आणि मागत नाही, म्हणून आता ती फारशी कोणी ठेवतही नाही. ज्याचा भाव ठरलेला नाही ती वस्तू बाजारातून नाहीशी होते, असा अर्थशास्त्राचा जो अनुभव आहे, त्याला याहून लहान उदाहरण सापडणे कठीण.

येथपर्यंतचे नुकसान मालकाचे स्वतःचे आहे, व ते त्याने हौसेने पत्करले असेल, तर त्यात इतरांनी बोलण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. परंतु हा हिशेब कुंपणाशी थांबत नाही. काचेवरून परावर्तित झालेले ऊन समोरच्या घराच्या दिवाणखान्यात जाते. वातानुकूलन यंत्र आपल्या खोलीतील उष्णता बाहेर फेकते ती शेजाऱ्याच्या खिडकीसमोर, आणि मग शेजाऱ्यालाही यंत्र घ्यावे लागते. दर्शनी भाग दिसावा म्हणून फाटकाजवळचे बहाव्याचे झाड गेले, तर त्याची सावली केवळ मालकाची गेलेली नसते. बसची वाट पाहणाऱ्याचीही गेलेली असते. घराची आतली बाजू मालकाची, हे निर्विवाद. बाहेरच्या बाजूचे खरेदीखत त्याच्या नावावर असले, तरी तिचा उपभोग आणि उपद्रव दोन्ही गल्लीच्या वाट्याला येतात. म्हणून रंग कोणता असावा हे नगरपालिकेने ठरवावे, असा याचा अर्थ नव्हे. तसा अधिकार एखाद्या कारकुनाच्या हाती देणे ही कल्पनाही अंगावर काटा आणणारी आहे. पण मालक व रस्ता यांच्या मध्ये, दोघांचाही विचार करू शकेल असा कोणी तरी जाणकार उभा असावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. वास्तुविशारदाच्या व्यवसायाचे समर्थन करायचे तर ते याच भूमिकेवरून करता येते. सुंदर चित्रे तर आता यंत्रेही काढू लागली आहेत.

या व्यवसायाची आर्थिक घडी मात्र त्या भूमिकेला पोषक नाही. वास्तुविशारदाचे शुल्क बहुधा कामाच्या एकूण खर्चाच्या काही टक्के असे ठरते. पश्चिमेला जाळी घाला, छज्जा हातभर वाढवा, झाड राहू द्या आणि बाकी काही करू नका, असा सल्ला देणाऱ्याला अल्प खर्चाचे अल्प टक्के मिळतात; काचेचा पडदा सुचविणाऱ्याला त्याच्या अनेक पटींनी. डॉक्टरची फी औषधाच्या बिलाच्या प्रमाणात ठरू लागली, तर रोग्याला काय वाटेल? या व्यवसायातील बहुसंख्य माणसे प्रामाणिक आहेत म्हणूनच हा गाडा चालला आहे. पण प्रामाणिकपणाला दंड आणि उधळपट्टीला बक्षीस देणारी पद्धत फार काळ निर्धास्तपणे चालू ठेवता येत नाही. घराची पाहणी, तक्रारींची नोंद आणि पर्यायांचा विचार एवढ्यापुरते ठोक शुल्क आधी ठरवून द्यावे आणि प्रत्यक्ष कामाचे पुढे वेगळे ठरवावे, हा साधा मार्ग उपलब्ध आहे. तो अवलंबिला जात नाही, कारण ‘नुसते सांगण्याचे पैसे’ देणे मराठी मध्यमवर्गाच्या जिवावर येते. वकिलाला ते दिले जातात, कारण तेथे अब्रू किंवा जमीन पणाला लागलेली असते. भिंतीच्या बाबतीत तेवढी निकड कोणाला वाटत नाही.

कायद्याचे साह्यही येथे मर्यादित आहे. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने वास्तुविशारदांची नोंदणी व त्यासाठी परिषद अस्तित्वात आली. परंतु त्या कायद्याने संरक्षण मिळते ते ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला. नोंदणी नसलेल्यांनी इमारतींचे आराखडेच करू नयेत असा त्याचा अर्थ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे ती उपाधी न लावता कोणीही घरांचे दर्शनी भाग रचून देऊ शकतो, आणि देतोही. दाराशी आलेला मनुष्य नोंदणीकृत आहे की नाही, हे विचारण्याचे काम शेवटी गिऱ्हाइकाकडेच राहते.

मालक आणि वास्तुविशारद यांचे संबंध वेगळ्या पायावरही उभे राहू शकतात, याचे एक उदाहरण केरळात आहे, आणि त्यातील मालक अर्थशास्त्रज्ञ होता हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. तिरुवनंतपुरम येथे के. एन. राज यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी विकास-अध्ययनाचे केंद्र स्थापन केले, तेव्हा त्याच्या इमारती उभारण्याचे काम त्यांनी लॉरी बेकर यांच्याकडे सोपविले. बेकर गवंड्यांच्या बरोबरीने कामावर उभे राहत, जमिनीचा उतार व उभी झाडे यांना धरून आराखडा फिरवीत. त्यांच्या भिंतींना बहुधा गिलावा नसे. वीट हेच बाह्य रूप आणि विटांची जाळी हीच खिडकी. विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी राखण्याच्या त्यांच्या आवडत्या पद्धतीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचत, आणि ती पोकळी उष्णताही अडवीत असे. ती रचना जशीच्या तशी उचलून नाशिक वा कोल्हापुरात बसवावी असे कोणी म्हणणार नाही. तसे केल्यास तेही एक चित्रच होईल. कोकणात जांभा आहे, देशावर काळा दगड आहे, आणि दोघांचाही स्वभाव निराळा आहे. अनुकरणीय आहे ती कामाची वाटणी: एकाने गरज व खर्चाची मर्यादा सांगितली, दुसऱ्याने रूप शोधले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण लंडनचे आहे. ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली निवासी इमारतीला नूतनीकरणात नवे बाह्य आवरण चढविण्यात आले. ते काम २०१६ मध्ये पुरे झाले. भिंती ऊबदार व्हाव्यात हा एक हेतू होता, आणि परिसराला इमारत बरी दिसावी हाही एक होता. मूळ योजनेतील जस्ताच्या आवरणाऐवजी दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असलेले आवरण निवडल्याने सुमारे तीन लाख पौंड वाचले. तेथील रहिवाशांच्या संघटनेने आगीच्या धोक्याबद्दल आधीच सावध केले होते. त्याची दखल घेतली गेली नाही. १४ जून २०१७ च्या पहाटे एका स्वयंपाकघरात लागलेली आग त्या आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसे प्राणास मुकली. चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. त्यात दोष मिळाला तो माल बनविणाऱ्यांना, ठेकेदारांना आणि शासनाला, तसाच वास्तुविशारदांनाही. तसल्याच रचनेचे पत्रे आपल्या शहरांतील दुकानांवर, रुग्णालयांवर आणि आता घरांवरही चढत आहेत. त्यांच्या गाभ्यात काय आहे, हा प्रश्न विकत घेणाऱ्यांपैकी कितीजण विचारतात?

एकट्या बंगल्यापेक्षा हा प्रश्न सहकारी गृहनिर्माण संस्थांत अधिक बिकट होतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील १९३० नंतरच्या इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांच्या खिडक्यांवरून कोपरा वळून जाणारे छज्जे जितके शोभेचे, तितकेच पावसाचे आहेत. अशाच छज्ज्यांच्या आणि गॅलऱ्यांच्या पुढल्या काळातील इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडाने आपापली गॅलरी बंद करून खोली वाढविली. प्रत्येकाला चाळीस-पन्नास चौरस फूट मिळाले. सगळ्यांनी मिळून भिंतीची सावली, वारा आणि पाणी तुटण्याची जागा घालविली. कोणा एकाचा दोष काढावा तर प्रत्येकाचा हिशेब आपल्यापुरता बरोबर असतो.

दुरुस्तीसाठी पैसे नसतात असेही नाही. आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम-खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात जमा करावयाचा असतो. दहा लाख रुपये बांधकाम-खर्चाच्या सदनिकेमागे हे वर्षाला दहा हजार होतात. नियमाने वसुली करणाऱ्या संस्थेजवळ पंधरा-वीस वर्षांत लक्षणीय रक्कम साठते, आणि मग ती एका हंगामात बाहेरच्या बाजूवर खर्च होते. क्रम असा असतो: आधी ठेकेदारांकडून दरपत्रके, मग सर्वांत कमी दराची निवड, आणि सर्वांत शेवटी कागदांवर सही करण्यासाठी वास्तुविशारद. वार्षिक सभेत रंगाच्या छटेवर दोन तास चर्चा होते. गळणाऱ्या छज्ज्यांचा विषय आयत्या वेळच्या विषयांत येतो.

हा क्रम उलटा करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही. सभासदांनी चित्रे आणू नयेत. कोणत्या खोलीत किती वाजता बसवत नाही, कोणत्या भिंतीला कोणत्या महिन्यात ओल येते, कोणाच्या यंत्राची गरम हवा कोणाच्या खिडकीत जाते, याची यादी आणावी. त्या यादीवर वास्तुविशारदाचे लेखी मत दरपत्रके मागविण्यापूर्वी घ्यावे आणि त्या मताचे पैसे वेगळे चुकवावेत. त्याने मे महिन्यातील एका दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या खोलीत तासभर बसावे, आणि जुलैच्या झडीत छत्री घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारावी. दसऱ्याला परांची बांधायची असेल, तर त्याची पहिली भेट त्याआधीच्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पडलेली असली पाहिजे.